वळणावरचा कॅमेरा

मोटरसायकल शर्यतीचे फोटो काढायचे तर पहिला प्रश्न लेन्सचा नसतो. उभं कुठे राहायचं, हा असतो. सरळ पट्ट्यावर गाड्या सगळ्यांत वेगात असतात, पण तिथे अनुभवी फोटोग्राफर फार वेळ थांबत नाहीत. सरळ जाणारी गाडी फोटोत कंटाळवाणी दिसते. ते शोधतात घट्ट वळण, किंवा उडी संपून गाडी जमिनीला टेकते ती जागा, किंवा स्टार्टनंतरचा पहिला कोपरा, जिथे सगळा घोळका एकाच ओळीसाठी भांडतो. थोडक्यात, जिथे काहीतरी घडण्याची शक्यता जास्त, तिथे ते उभे राहतात.

हे ‘काहीतरी’ म्हणजे काय, ते बोलून दाखवायची पद्धत नाही.

पिंपरी-चिंचवडकरांना अशी शर्यत बघायला फार लांब जावं लागलं नाही. २८ जानेवारी २०२४ ला बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. सुपरक्रॉस म्हणजे स्टेडियममध्ये माती आणून ओतायची, तिचे चढ, उड्या आणि खाचखळगे बनवायचे आणि त्यावरून गाड्या उडवायच्या. प्रेक्षक गॅलरीत बसून सगळा ट्रॅक एका नजरेत बघतात. गाडी हवेत असते तेव्हा हजारो फोन वर झालेले असतात. गाडी नीट टेकली की फोन खाली येतात. वेडीवाकडी टेकली तर वरच राहतात.

वर राहिलेल्या त्या हातांबद्दल मला बोलायचं आहे, आणि त्यात माझाही हात असतो. पडण्याची वाट पाहणं आणि पडावं अशी इच्छा करणं यात फरक आहे का?

सोपं उत्तर असं की अग्निशमन दलाचा जवानही आगीची वाट पाहत बसलेला असतो, म्हणून त्याला कुणी आग हवी आहे असं म्हणत नाही. पण ही तुलना फार टिकत नाही. आग जितकी मोठी तितका जवानाचा दिवस वाईट. फोटोग्राफरचं उलटं आहे. पडणं जितकं भयानक, तितकी फ्रेम चांगली. मनातून त्याला काहीही वाटत असो, त्याच्या कामाचा नफा अपघाताच्या बाजूला झुकलेला असतो. हे मान्य केल्याशिवाय पुढचं बोलण्यात अर्थ नाही.

मात्र गोष्ट एवढ्यावर संपत नाही, कारण वेगाचा फोटो ही मुळातच विचित्र वस्तू आहे. ताशी १०८ किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला ३० मीटर जाते. शटरचा वेग १/२००० ठेवला तर तेवढ्या वेळात ती फक्त दीड सेंटिमीटर सरकते. चाकाच्या काड्यासुद्धा मोजता येतात. आणि मग गाडी स्टँडवर लावल्यासारखी दिसते! जे अत्यंत स्पष्ट टिपलं, त्यातून वेग गायब. उलट १/६० ठेवला आणि कॅमेरा गाडीबरोबर फिरवला, ज्याला पॅनिंग म्हणतात, तर गाडी बऱ्यापैकी स्पष्ट येते आणि मागचं जग पुसलं जातं. झाडं, माणसं, जाहिरातींचे फलक यांच्या नुसत्या आडव्या रेघा होतात. आता फोटो बघणारा म्हणतो, ‘काय सुसाट आहे!’ म्हणजे वेग दाखवायचा तर काहीतरी बिघडवावं लागतं.

हे बिघडवणं जुनं आहे. झाक-आंरी लार्तिग नावाचा फ्रेंच पोरगा, जन्म १८९४ चा. ऐन विशीतही नव्हता तेव्हा त्याने मोटार शर्यतीचा एक फोटो काढला. त्याच्या कॅमेऱ्याचं शटर एका पट्टीसारखं सरकत जायचं, त्यामुळे फोटोचा वरचा आणि खालचा भाग वेगवेगळ्या क्षणी टिपला गेला. त्यात तो कॅमेरा फिरवतही होता. परिणाम असा की गाडीचं चाक गोल न राहता पुढे झुकलेलं अंडं झालं आणि प्रेक्षक उलट्या बाजूला कलले. तांत्रिकदृष्ट्या फोटो चुकलेला. पण वेगाच्या फोटोंविषयी बोलताना आजही त्याचंच नाव निघतं. आपल्या फोनचा सेन्सरही ओळीओळीने वाचला जातो, म्हणून धावत्या गाडीतून काढलेल्या फोटोत विजेचे खांब तिरके येतात. शंभर वर्षांत फारसं बदललेलं नाही.

मुद्दा हा की फोटोत दिसणारा वेग हा बाहेरून बघणाऱ्याचा वेग आहे. गाडीवर बसलेल्याला तो तसा दिसत नाही.

ज्याने एकदा तरी मोकळ्या रस्त्यावर वळण नीट घेतलंय, त्याला हे माहीत असतं. वळणाआधी गाडी हळू करायची, गिअर कमी करायचा, वळायचं त्या बाजूचं हँडल हलकंसं पुढे ढकलायचं. उजवीकडे वळायला उजवा हात पुढे, हे ऐकायला उलटं वाटतं, पण गाडी त्यानेच झुकते. ताशी ६० च्या वेगाने साधारण २८ मीटर त्रिज्येचं वळण घ्यायचं तर गाडी ४५ अंशांत झुकवावी लागते. त्या क्षणी सगळा भार टायरच्या तळहातापेक्षाही लहान भागावर असतो. आणि त्या क्षणी डोक्यात काय असतं? भीती नसते. काल साहेब काय बोलला ते नसतं, हप्ता नसतो. डांबरावर सांडलेली खडी आहे का, वळण कुठे उघडतंय, अ‍ॅक्सिलेटर कधी पिळायचा, एवढंच असतं. बाहेरून जो थरार दिसतो तो आतून जवळजवळ शांततेसारखा असतो.

याला मराठीत एक नेमका शब्द आहे, अवधान. चाकणहून अलीकडेच आळंदी आहे. ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय श्रोत्यांकडे अवधान मागूनच सुरू होतो. अवधानासह असणं म्हणजे सावधान. हा शब्द आपण लग्नात ऐकतो आणि घाटाच्या पाटीवर वाचतो, ‘सावधान, पुढे वळण आहे’. आपण त्याचा अर्थ ‘घाबरा’ असा लावून बसलोय. तो तसा नाही. लक्ष द्या, एवढाच आहे.

म्हणून मला वाटतं की शर्यतीच्या फोटोचा नैतिक घोटाळा अपघाताच्या फोटोत नाही, त्याच्या आधीच आहे. रायडर जगतो अवधान, फोटोत येतो धोका. आणि तो फोटो पाहून ज्याला गाडी मारायची हुक्की येते, तो नक्कल कशाची करणार? जे दिसलं त्याची. अवधान दिसलेलंच नसतं.

रविवारी सकाळी ताम्हिणी घाटाकडे किंवा लवासाच्या रस्त्याला जाऊन बघा. एका वळणाच्या बाहेरच्या कडेला एक मित्र फोन धरून बसलेला असतो, दुसरा गाडी घेऊन तिथून पुन्हा पुन्हा जातो. दर वेळी थोडा जास्त झुकतो. गुडघा बाहेर काढतो, तेवढ्या वेगाला गरज नसताना. पोरं वाईट नसतात. हेल्मेट असतं, कधी जॅकेटही. पण दुचाकी शिकवणारा कुणीही पहिल्या दिवशी सांगतो ते इथे मोडलं जातं : जिकडे नजर तिकडे गाडी. दगडाकडे पाहिलंत तर दगडावर जाल, वळणाच्या शेवटाकडे पाहिलंत तर शेवटाला जाल. आणि फोन कुठे आहे? बाहेरच्या कडेला, नेमका तिथे, जिथे बघायचं नसतं. रीलमध्ये नीट येतोय ना, हे पाहायला मान अर्धा क्षण तिकडे वळते. ट्रॅकवरच्या कॅमेऱ्याकडे रायडर ढुंकूनही पाहत नाही, तो असला काय नि नसला काय. घाटातला कॅमेरा मात्र शर्यतीचं कारणच बनलेला असतो. तो काढून घ्या, अर्ध्या फेऱ्या होणारच नाहीत.

‘मग ट्रॅकवर जा’ हा सल्ला द्यायला सोपा आहे. चाकणच्या कारखान्यात केटीएमच्या गाड्या बनतात. २०१२ मध्ये २०० ड्यूक बाजारात आली तेव्हापासून ‘रेडी टू रेस’ हे ब्रीद घेऊन त्या इथून देशभर आणि देशाबाहेर जातात. पण ती रेस करायला मोठा डांबरी ट्रॅक हवा असेल तर चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई गाठा, नाहीतर कोइम्बतूर, नाहीतर ग्रेटर नोएडा. म्हणजे हजार-बाराशे किलोमीटर आणि वर टायर, फी, गाडी वाहून न्यायचा खर्च. ज्या पोराने ती गाडी हप्त्यावर घेतलीय, त्याच्या आवाक्यात ताम्हिणी असते. हे घाटात गाडी रेमटवण्याचं समर्थन नाही. पण गाडी विकताना शर्यतीचं स्वप्न द्यायचं आणि शर्यतीची जागा द्यायची नाही, यातली गोम लपत नाही.

या पट्ट्याला शर्यत काही कंपन्यांनी शिकवलेली नाही, हेही सांगायला हवं. भोसरी, मोशी, चाकण, खेड हा कारखान्यांच्या आधी बैलगाड्यांच्या घाटांचा मुलूख. इथला ‘घाट’ म्हणजे शर्यतीची चढाची धावपट्टी. पुढे घोडी, मागे बैल, आणि हिशेब सेकंदांचा. फोटोग्राफर तिथेही असतात आणि तेही कडेला, जिथे उधळलेला गाडा येऊ शकतो तिथे. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ ला या शर्यती थांबवल्या, १६ डिसेंबर २०२१ ला अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. नऊ वर्षं चाललेल्या या वादात अनेक मुद्दे होते, पण त्याच्या बुडाशी एक साधा प्रश्न होता. बैलाला विचारलं का?

मोटरसायकल शर्यतीत हा प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. रायडरला विचारलेलं असतं. तो फॉर्मवर सही करतो, गाडी तपासून घेतो, हेल्मेटचा पट्टा ओढून बघतो. त्याचा जीव, त्याची मर्जी. मलाही ही भूमिका बरीच पटते. ज्याला धोका पत्करायचा हक्कच नाही असा माणूस मोठा झालेला नसतो. आणि आपण गिर्यारोहकाचं कौतुक करतो, तर रायडरला वेडा का म्हणायचं?

पण मग ५ ऑगस्ट २०२३ ची इरुंगट्टुकोट्टईची शर्यत आठवते. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत बंगळुरूचा १३ वर्षांचा रायडर पडला आणि गेला. त्या शनिवार-रविवारच्या उरलेल्या शर्यती रद्द केल्या गेल्या. १३ व्या वर्षी दिलेला होकार कितपत आपला असतो? शर्यतीच्या जगाचं उत्तर असं की हे कौशल्य लहानपणीच येतं; मोटोजीपीतले बहुतेक मोठे रायडर शाळेच्या वयात गाडीवर होते. ते खरं आहे. गाणंही लहानपणीच शिकावं लागतं. फरक इतकाच की सूर चुकला तर पुन्हा लावता येतो.

मला इथे कॅमेऱ्याची जबाबदारी मोठी वाटते. त्या होकारामागे बापाची हौस असेल, मुलाची खरी आवड असेल, आणि सोबत शेकडो फोटोही असतात. बालेवाडीतही ८५ सीसीचा ज्युनिअर वर्ग होता. लहान मूल मोठ्या गाडीवर हवेत, हा फोटो कुणाचंही लक्ष वेधतो. त्याच मुलाचा ट्रॅकवर चालत जाऊन प्रत्येक उडीचा उतार पायाने चाचपणारा फोटो कुणी शेअर करत नाही. मुलाला काय समजणार? की आपलं कौतुक हवेत असतानाचं आहे.

आता यावर रास्त आक्षेप आहे. कुणी म्हणेल, धोका काढून टाकला तर उरतं काय? अवधान पाहिजे तर सुईत दोरा ओवा. ताशी दोनशेने जायची काय गरज? बरोबर आहे. अवधान इतकं तीव्र होतं ते चुकलं तर किंमत मोजावी लागते म्हणूनच. आइल ऑफ मॅनच्या रस्त्यांवर १९०७ पासून टीटी शर्यती होतात, ६० किलोमीटरची एक फेरी, दोन्ही बाजूला दगडी भिंती आणि घरं. आजवर अडीचशेहून अधिक रायडर त्या रस्त्यांवर गेलेत. तरी लोक परत जातात. त्यांना मरायचं असतं असं म्हणणं हा त्यांचा अपमान आहे. पण धोका नसता तर ते गेले असते, असं म्हणणं म्हणजे स्वतःला फसवणं आहे. धोका आणि अवधान एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत असं म्हणून मोकळं व्हायचा मोह होतो. मला मात्र ते चुलीतला जाळ आणि भाकरी यांसारखं वाटतं. जाळाशिवाय भाकरी होत नाही, पण जाळ कुणी खात नाही.

फोटो मात्र जाळाचाच येतो.

आणि सगळ्याच जाळाचा येतो असंही नाही. चाकणला पहिली पाळी सुटायच्या वेळी तळेगाव चौकात किंवा आंबेठाण चौकात उभं राहा. पुणे-नाशिक रस्त्यावर कंटेनर, कंपन्यांच्या बस आणि त्यांच्या फटीतून वाट काढणाऱ्या शेकडो दुचाकी. कुणी आठ तास उभं राहून गिअरबॉक्स जोडलेत, कुणी सीट बसवल्यात. मागे सहकारी, मध्ये डबा, हेल्मेट कधी डोक्यावर, कधी कोपरात. देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची. म्हणजे जवळपास ४५ टक्के. यातल्या फार थोड्यांनी कसला फॉर्म भरला होता किंवा थराराची हौस धरली होती. ती कामावर चालली होती, घरी चालली होती. बालेवाडीच्या उडीपेक्षा आंबेठाण चौकातलं ते वळण अधिक धोक्याचं असू शकतं, पण तिथे लेन्स घेऊन कुणी उभं राहत नाही, कारण तो धोका दिसायला सुंदर नाही. तो संथ आहे, धुळीचा आहे, रोजचा आहे. निवडलेला धोका आपल्याला बघायला आवडतो. न निवडलेला बघितला तर कुणाला तरी जाब विचारावा लागेल, खड्ड्याबद्दल, दिव्याबद्दल, पाळीच्या वेळांबद्दल.

म्हणजे शर्यतीचे फोटो काढू नयेत? मला असं अजिबात वाटत नाही. माणूस यंत्राशी इतका एकजीव होतो की कोण कुणाला चालवतंय ते कळू नये, हे बघण्यासारखंच आहे. कोल्हापूरकर ज्याला नाद म्हणतात तो हाच, आवाजही आणि वेडही. त्याचा फोटो काढायला हवा. फक्त तो काढताना मी काय दाखवतोय, याची जाणीव हवी. पडलेल्या रायडरचाही फोटो असावा, पण त्या फ्रेममध्ये पिवळा झेंडा हलवणारा मार्शल असेल तर तो कापून टाकू नये. तो झेंडा म्हणजे मागून येणाऱ्यांना सांगणं असतं, हळू व्हा, उडी मारू नका, कुणाला मागे टाकू नका. एका माणसासाठी सगळी शर्यत क्षणभर शर्यत राहत नाही. त्याइतकं या खेळातलं दुसरं काही मला आवडत नाही, आणि बहुतेक फोटोंत नेमकं तेच कडेला गेलेलं असतं.

माझा एक मित्र भोसरीच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये सीएनसी मशीन चालवतो आणि जमेल तेव्हा पुण्याच्या आसपास भरणाऱ्या मातीच्या शर्यतींत उतरतो. गेल्या खेपेला मी त्याचे दोनशेच्या वर फोटो काढले. त्यातले दहा निवडून त्याला लॅपटॉपवर दाखवत होतो. एकात तो हवेत, पुढचं चाक आभाळाकडे, मागे सगळं धुरकट. मला वाटलं हाच तो. त्याने बोट ठेवलं ते भलत्याच फ्रेमवर. दोन्ही चाकं जमिनीवर, गाडी वळणात शिरतेय, चिखलाचे चार थेंब, आणि त्याची मान जवळजवळ उलटी वळलेली, पुढच्या वळणाकडे, फ्रेमच्या बाहेर. ‘हा बघ,’ तो म्हणाला, ‘इथे मी बरोबर होतो.’ त्याने त्याची मोठी प्रिंट काढून घेतली आणि मशीनच्या वर, रीडिंगच्या तक्त्याशेजारी लावली.

इन्स्टाग्रामवर मात्र हवेतलाच टाकला. त्याला हजारावर लाइक आले.